फॅक्टरी फर्निचरला स्टेन, सीलर, टॉप कोट: रबाळ्याच्या गाळ्यात आम्ही कसं करतो, सगळं सविस्तर

मागच्या जुलैत एका टीव्ही युनिटची चार दारं लॅकर (थिनरमधलं, पटकन सुकणारं पॉलिश) मारून लाकडी पट्ट्यांवर आडवी ठेवली आणि आम्ही जेवायला गेलो. अर्ध्या तासाने परत आलो तर चारही दारांवर कोणीतरी ताक सांडून वरवर पुसल्यासारखा पांढरट पडदा. बाहेर पाऊस धो धो, गाळ्याचं शटर अर्धं उघडं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "शेठ, सकाळीच बोललो होतो, आज हवा ओली आहे." बोलले होते खरं, पण मी पार्टीला तारीख देऊन बसलो होतो ना.

ते पांढरं का पडतं ते खाली सांगतो, आधी कामाचा क्रम: स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग, सीलर म्हणजे छिद्रं बंद करणारा थर आणि टॉप कोट म्हणजे सगळ्यात वरचं पॉलिश. मी ठाण्यात राहतो, रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे, सुतारकाम बाहेरून तयार होऊन येतं आणि आमच्याकडे फक्त घासणं, कलर आणि पॉलिश. उदाहरण म्हणून सध्या चालू असलेला डायनिंग सेट धरू: पाच बाय तीनचा टॉप, प्लायवर सागाचं विनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा), कडेला सॉलिड, म्हणजे अख्ख्या सागाची लिपिंग (पट्टी), पाय आणि फ्रेम पण सॉलिड साग, सहा खुर्च्या. पार्टीला वॉलनट कलर हवाय, मॅट फिनिश. तुम्ही घरी एखादं कच्चं स्टूल किंवा कपाट रंगवत असाल तरी क्रम हाच, फक्त स्प्रे गनच्या जागी ब्रश किंवा कापड येईल.

आधी समोर काय आहे ते ओळखा

विनियर, सॉलिड, लॅमिनेट (सनमायका) आणि नुसता छापील कागद चिकटवलेला बोर्ड, लांबून चारही सारखेच दिसतात. कड बघा. टॉपवरच्या रेषा कडेवर वळून खाली उतरत असतील आणि आडव्या कापाच्या बाजूला लाकडाची बारीक छिद्रं दिसत असतील तर सॉलिड. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली तर खाली प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड). मग मागच्या न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा, दोन-तीन मिनिटांत शोषला आणि तिथे रंग गडद झाला तर उघडं लाकूड आहे, स्टेन धरेल. थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला तर वर आधीच काहीतरी फिनिश आहे किंवा लॅमिनेट आहे, आणि लॅमिनेटवर स्टेन मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

जुनं फिनिश असेल तर ते कोणतं तेही कळतं. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, चिकट झालं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकरच्या थिनरने विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर बहुतेक मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारी पॉलिशं, तिथे घासण्याशिवाय इलाज नाही.

घासणं, म्हणजे निम्मं काम

लोक पीयू कुठल्या कंपनीचं यावर तासभर चर्चा करतील पण पॉलिश पेपर कितीचा मारला हे कोणी विचारत नाही, आणि काम बिघडतं ते इथेच. सॉलिड लाकडाला आम्ही १२० नंबरच्या कागदाने सुरुवात करतो (नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक), मग १८०, मग २२०, मधला नंबर गाळायचा नाही. १२० वरून थेट २२० वर उडी मारली की १२० चे ओरखडे तसेच राहतात, कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पण स्टेन त्यांच्यात जाऊन बसतो आणि सगळ्या टॉपवर मांजराने नखं मारल्यासारखं दिसतं. शेवटचा कागद नेहमी रेषांच्या दिशेने, हाताने, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. ऑर्बिटल मशीन वापरलंत तर छोट्या गोल गोल खुणा राहतात, त्या शेवटी हातानेच काढायच्या. ३२० च्या पुढे उघडं लाकूड घासू नका, फार गुळगुळीत झालं की स्टेन आत जात नाही आणि कलर फिका येतो.

विनियरला १२० लावायचाच नाही. आपल्याकडे मिळणारं विनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, थेट १८० किंवा २२० ने, हलक्या हाताने. कडेजवळ तर ठोकळा बाहेर लटकता कामा नये, लटकला की कडेवर सगळा दाब येतो आणि विनियर फुटून खालचा प्लाय दिसायला लागतो. त्याची खूण अशी की आधी कडेला अंगठ्याएवढा एक फिकट ढग दिसतो, तिथे रेषा पुसट होतात. तो दिसला की हात थांबवायचा. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात असा एक कोपरा उडवला होता, अख्खा टॉप परत विनियरला पाठवावा लागला.

घासून झालं की फेविकॉलचे डाग शोधा. सांध्यातून बाहेर आलेला गोंद सुताराने ओल्या फडक्याने पुसलेला असतो, त्याला वाटतं साफ झालं, पण पातळ थर लाकडात जिरलेला असतो आणि तिथे स्टेन धरत नाही, पायाच्या सांध्याभोवती पांढरी बांगडी दिसते. उपाय सोपा आहे, संपूर्ण पीस थिनरच्या ओलसर फडक्याने पुसा, गोंद असेल तिथे लाकूड लगेच वेगळं दिसतं, पेन्सिलने खूण करा आणि तेवढंच परत घासा. सागाला या थिनरचा अजून एक फायदा म्हणजे लाकडातलं वरचं तेल निघतं, नाहीतर वरचा कोट नीट पकडत नाही.

खिळ्यांची भोकं आणि फटी भरायला तयार वूड फिलर मिळतो, पण लाकडाच्या मूळ रंगाचा नाही तर शेवटी जो कलर येणार आहे त्याच्या जवळचा घ्या, कारण फिलर स्टेन लाकडासारखा पीत नाही.

सॅम्पल पट्टी

ही पायरी सोडायची नाही, घरी एकच स्टूल करत असाल तरीसुद्धा नाही. सुताराकडून त्याच विनियरचा एक तुकडा आणि त्याच सॉलिडचा एक तुकडा मागून घ्या, साधारण एक फूट लांब. दोन्ही तसेच घासा, स्टेन, सीलर, टॉप कोट सगळं मारा आणि मगच पार्टीला दाखवा. नुसता स्टेन मारलेली पट्टी दाखवून कलर पास केला तर भांडण ठरलेलं, कारण स्टेन सुकला की राखाडी, मेलेला दिसतो आणि वर सीलर पडला की एकदम दोन शेड गडद होतो. आम्ही पट्टीच्या मागे तारीख, स्टेनचं प्रमाण, कोट किती हे मार्करने लिहितो आणि पार्टीची सही घेतो. ऐरोली, घणसोलीच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये पिवळ्या एलईडी असतात, तिथे वॉलनट लालसर दिसतो, म्हणून पट्टी त्यांच्याच डायनिंगमध्ये, त्यांच्याच दिव्याखाली बघायला सांगायची.

विनियर आणि सॉलिड दोन्हीवर एकच स्टेन मारला तरी कलर एक येईलच असं नाही. या सेटमध्ये पाय टॉपपेक्षा गडद येत होते, म्हणून पायांसाठी तोच स्टेन थोडा पातळ केला. आणि आडवा काप, म्हणजे पायाचा तळ किंवा फळीचं टोक, हे स्पंजासारखं पितं, तिथे एक नंबर बारीक कागद जास्त मारा, नाहीतर सीलर खूप पातळ करून आधी एक हात द्या. पाइन असेल तर सगळीकडेच हा त्रास, ठिपके ठिपके येतात, त्याला स्टेनच्या आधी पातळ सीलर हवाच.

स्टेन लावणं

बाजारात थिनर बेस आणि वॉटर बेस असे दोन प्रकार जास्त चालतात. थिनर बेस पटकन सुकतो, त्यामुळे मोठ्या टॉपवर हाताने मारताना जोड दिसतो. वॉटर बेसला वेळ मिळतो पण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, हात फिरवला तर दाढीच्या खुंटांसारखे टोचतात. त्यावर उपाय म्हणजे स्टेनच्या आधीच ओल्या फडक्याने लाकूड पुसून सुकू द्यायचं आणि उभे राहिलेले तंतू २२० ने हलके कापायचे. आणि वॉटर बेस कामात स्टील वूल अजिबात नको, त्याचे कण लाकडात अडकतात, पाणी लागलं की गंजतात आणि सागावर, बाभळीवर काळे ठिपके पडतात.

डबा आधी तळापासून ढवळा, रंग खाली बसलेला असतो, आणि दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एका बादलीत एकत्र करा. जुन्या सुती बनियनचं फडकं घ्या, लोंबणारे धागे नकोत. सढळ हाताने लावा, मग स्वच्छ फडक्याने रेषांच्या दिशेने जास्तीचा पुसून घ्या. टॉपला दोन माणसं हवीत, एक लावतो, दुसरा लगेच मागून पुसतो. मध्ये फोन आला तर घ्यायचा नाही. एका कडेपासून सुरू केलं की समोरच्या कडेपर्यंत ओलं टोक पुढे नेत जायचं, मध्येच थांबलात आणि ते सुकलं की जोडाचा पट्टा कायमचा.

इथे एक सावधगिरी, तेलाचा स्टेन किंवा लिनसीड ऑइल वापरलं असेल तर फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी मिळून सुकताना गरम होतं, गोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही आणि फडकं आपोआप पेटू शकतं, काडी लागत नाही. एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

सीलर

स्टेन पूर्ण सुकला की सँडिंग सीलर. याचं काम लाकडाची छिद्रं बंद करणं आणि घासता येईल असा थर देणं. पहिला कोट मारला की पृष्ठभाग खडबडीत होतो, घाबरू नका, तंतू त्यात उभे राहून कडक झालेले असतात. सुकलं की ३२० ने घासा, कागदावर पांढरी कोरडी पावडर आली पाहिजे. पावडरीऐवजी चिकट गोळ्या झाल्या तर अजून सुकलेलं नाही, चहा प्या आणि थांबा. कडांवर आणि गोलाईवर अगदी दोन हात, जास्त घासलंत तर सीलर फुटून खालचा स्टेन निघतो, आणि तिथे नुसता स्टेन परत लावून मिळतं जुळतं करणं हे मिस्त्रीलाही अवघड जातं.

सागाची छिद्रं मोठी असतात. छिद्रं दिसणारं नैसर्गिक फिनिश हवं असेल तर दोन कोट सीलर बास, काचेसारखं सपाट हवं असेल तर तीन-चार कोट आणि प्रत्येकाच्या मध्ये घासणं, म्हणजे मजुरी दुप्पट हे पार्टीला आधीच सांगा. एमडीएफच्या कापलेल्या कडा वेगळ्या, त्या कितीही पितात, त्यांना दोन कोट जास्त.

सीलर आणि टॉप कोट एकाच घराण्यातले घ्या. मेलामाइनखाली मेलामाइनचा सीलर, पीयूखाली पीयूचा. एनसी सीलर पडलाय म्हणून त्यावरच पीयू मारला तर कधी कधी खालचा थर उचलला जातो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर तर पीयू धरतच नाही.

टॉप कोट कोणता

चपडा सुंदर दिसतो, रेषा जिवंत करतो, आणि तो लाखेच्या किड्यापासून मिळणारा आपल्याच देशातला माल आहे, पण गरम कपाने आणि पाण्याने पांढरे गोल पडतात, डायनिंगला नको, देव्हाऱ्याला किंवा जुन्या फर्निचरला ठीक. एनसी लॅकर स्वस्त आणि पटकन सुकणारा, शोकेसला चालतो. मेलामाइन चांगलं कडक होतं, पण त्यातून फॉर्मल्डिहाइडचा डोळे चुरचुरणारा वास येतो, तो जायला बरेच दिवस लागतात, राहत्या घरात मारणार असाल तर लहान मूल आणि म्हातारी माणसं तेवढे दिवस दुसरीकडे. पीयू सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात महाग, या डायनिंगला आम्ही तोच घेतला.

मेलामाइन आणि पीयू दोन डब्यांत येतात, बेस आणि हार्डनर. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, आमच्या मेलामाइनला १० ला १ लागतं, पीयूचं प्रत्येक कंपनीचं वेगळं. अंदाजाने ओतू नका, मापाचा प्लास्टिक कप घ्या. हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकेल हा समज खोटा आहे, मेलामाइनमध्ये जास्त झाला तर पुढे काही महिन्यांनी तडे जातात. मेलामाइनचा हार्डनर ॲसिडचा असतो, लोखंडी डब्यात मिसळायचा नाही. पीयूचा हार्डनर हवेतलं पाणी ओढतो, वापरून झालं की झाकण लगेच घट्ट. तेवढंच मिसळा जेवढं लगेच संपेल, उरलेलं दुसऱ्या दिवशी दगड.

गनला साधारण १.४ ते १.८ मिलिमीटरचा नोझल. अंतर सहा ते आठ इंच, गन टॉपला सरळ काटकोनात, मनगट फिरवायचं नाही तर अख्खा हात सरकवायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. ट्रिगर टॉपच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा. आधी कडा, मग मधला भाग. जवळून मारलं तर ओघळ, लांबून मारलं तर वाटेतच सुकून वाळूसारखं. संत्र्याच्या सालीसारखं आलं तर माल जाड आहे, थोडं थिनर. छोटे गोल खड्डे पडत असतील, जणू माल तिथून पळतोय, तर सिलिकॉन लागलंय, बहुतेक आधी कोणीतरी चकचकीत करायचा स्प्रे मारलेला असतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढा, हवेच्या लाइनमध्ये पाण्याचा सापळा हवाच, इथल्या हवेत त्या वाटीत दिवसभरात पाणी साचलेलं दिसतं.

दोन कोटांच्या मध्ये ४०० ने हलकं घासणं, धूळ आधी ब्रशने, मग किंचित ओलसर फडक्याने. पीयूला एक रात्र उलटून गेली तर घासल्याशिवाय दुसरा कोट मारू नका, थर थरावर बसत नाही, पुढे नखाने सोलून निघतो. मॅट माल असेल तर डबा नीट ढवळा, मॅट करणारी पावडर तळाला बसते आणि खुर्च्या चकचकीत, टॉप डल असा प्रकार होतो. काळजी म्हणून सेटचा शेवटचा कोट एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून.

मास्कबद्दल, कोविडचा कापडी मास्क इथे शून्य उपयोगाचा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, त्यामुळे सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क ही किमान गोष्ट आणि गन चालवणाऱ्याने ती कुरकुर न करता घालायची. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, म्हणून खाली ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड, विडी, देवाचा दिवा, काही नको. टू बीएचकेच्या हॉलमध्ये पीयू गनने मारायचा विचार सोडून द्या, तिथे ब्रशचं वॉटर बेस पॉलिश बरं. उरलेलं थिनर मोरीत किंवा गटारात नाही, आम्ही कॅनमध्ये साठवून घातक कचऱ्याच्या गाडीला देतो.

ते पांढरं पडणं

आता ती चार दारं. लॅकरमधलं थिनर उडताना लाकडाच्या पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, घाम सुकताना आपल्याला गार वाटतं तसंच. पृष्ठभाग गार झाला की ओल्या हवेतलं पाणी त्यावर धुक्यासारखं बसतं आणि सुकणाऱ्या थरात अडकतं. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीच्या बाजूला, म्हणजे ठाणे, कळवा, ऐरोली, रबाळे, हवेतली आर्द्रता कित्येकदा ८५ टक्क्यांच्या वर असते. जेवढं स्वस्त, पटकन उडणारं थिनर, तेवढं हे जास्त. पीयूला वेगळा त्रास, हार्डनर त्या पाण्याशी भिडतो, वायू तयार होतो आणि थरात बारीक बुडबुडे.

आम्ही आता गाळ्यात एक साधा आर्द्रता मीटर टांगलाय. ७५ च्या खाली असेल तर बिनधास्त, ७५ ते ८५ मध्ये सावकाश उडणारं थिनर, ज्याला दुकानात रिटार्डर म्हणतात, थोडं मिसळून पातळ कोट, ८५ च्या वर गन हातात घ्यायची नाही. हे आकडे आमच्या अनुभवाचे आहेत, कुठल्या डब्यावरचे नाहीत. पावसाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ बरी पडते. शटर पूर्ण बंद करून आत दोन तास आधी डीह्युमिडिफायर लावला तर मीटर पाच-सात अंकांनी खाली येतो. लाकूडही ट्रकमधून भिजून आलेलं असलं तर त्याच दिवशी हात लावू नका, पट्ट्यांवर आडवं रचून, चारी बाजूंनी हवा लागेल असं चार-पाच दिवस सोडा, आम्ही ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आल्यावरच सुरू करतो.

त्या दारांचं काय केलं म्हणाल, तर लॅकर थिनरनेच परत मऊ होतो, त्यामुळे ऊन पडेपर्यंत दोन दिवस थांबलो आणि नुसत्या रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा एक अगदी हलका हात गनने दिला. पाणी बाहेर पडलं, तीन दारं साफ झाली. चौथ्याला जास्त बसलं, ओघळ आला, ते ४०० ने घासून परत केलं. मेलामाइन किंवा पीयूला एकदा कडक झाल्यावर हा उपाय चालत नाही, तिथे घासून नवीन कोटच.

पॅकिंग

हात लावून सुकलं वाटलं म्हणजे आतून झालं असं नसतं. पीयू पूर्ण कडक व्हायला आठवडाभर तरी लागतो. दुसऱ्या दिवशी बबल रॅप गुंडाळून टेम्पोत टाकलं की टॉपवर गोल गोल फुग्यांचे छाप उठतात. आधी मऊ सुती चादर किंवा फोमचा पातळ कागद, त्यावर पुठ्ठा, बबल रॅप सगळ्यात बाहेर. घरी पोचल्यावर पंधरा दिवस टॉपवर काच ठेवू नका, प्लास्टिकचं टेबल क्लॉथ तर नकोच, गरम कुकर कायमच नको. पुसायला ओलसर फडकं पुरे.

पट्टी फेकू नका, आणि उरलेला स्टेन बाटलीत भरून तारीख घालून ठेवा. सहा महिन्यांनी फोन येतोच, "दादा, अजून दोन खुर्च्या हव्यात, सेम कलर."